आधी पेटी, मग पडदा

धडगावच्या पाड्यांवर, भामरागडच्या जंगलात प्रयोगशाळा नाहीत. तेव्हा तिथल्या मुलांना आभासी प्रयोगशाळा द्या, असे हल्ली ठासून सांगितले जाते. खर्च वाचतो, काच फुटत नाही, आम्ल अंगावर सांडत नाही आणि एकच प्रयोग शंभरदा करता येतो. शेवटचा मुद्दा सोडला तर सारे खरे. शंभरदा होतो तो प्रयोग नव्हे, उत्तर आधीच भरून ठेवलेले गणित. पडद्यावरचा लंबक गुरुत्वत्वरण बहुधा दरवेळी ९.८ च देतो. सुतळीला दगड बांधून मोजणाऱ्या मुलीला एकदा ९.४ मिळते, एकदा १०.१. मग ती विचारते, लांबी गाठीपर्यंत धरायची की दगडाच्या मध्यापर्यंत? हा प्रश्न पडद्याने तिला पडूच दिला नसता.

उलट बाजूचे म्हणतात, प्रात्यक्षिक दुरून शिकवताच येत नाही, मुलांनी शहरात यावे. त्यांनी आधी शहरातली जर्नले उघडून पाहावीत. बारावीला भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचे ३० गुण, आणि कित्येक ठिकाणी रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवलेली! टेबले आहेत, उपकरणे आहेत, कपाटाला कुलूपही आहे.

तेव्हा साहित्याची पेटीच गावात पाठवावी. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरपोच प्रयोगपेट्या दिल्या. त्यांत छोटा सूक्ष्मदर्शकही असे. ते श्रीमंत देशाचे म्हणाल, तर १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या १६ शाळांत सहावी ते आठवीची खेड्यातली मुले स्वस्त साहित्यावर स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकू लागली. हा कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पोचला. २००२ मध्ये सरकारने तो गुंडाळला, पण तीस वर्षे चाललेल्या गोष्टीला अशक्य कसे म्हणायचे?

पडदा नकोच असे नाही. किरणोत्सारासारखे प्रयोग त्यावरच बरे. मुलीची रीडिंग पडद्यावर पाहून दूरच्या शिक्षकाने ‘हे असे का आले?’ विचारावे, हे पडद्याचे खरे काम. आणि मोबाइल स्वतःच एक उपकरण आहे: जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेले ‘फायफॉक्स’ हे अ‍ॅप त्यातल्या सेन्सरने त्वरण मोजते, तेही रेंज नसताना. तीव्र आम्लांच्या प्रयोगांसाठी मुलांना चार दिवस तालुक्याला आणावे. ती आम्ले कुणी पेटीत घालू नयेत.

शिक्षण मंडळाने एवढे करावे: गावात घेतलेली रीडिंग, चुकलेली असली तरी, कारणांसह लिहिली असतील तर त्या ३० गुणांत धरावीत.