पाय कोणाचे, मक्ता कोणाचा?

मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली लुळा पडलेला माणूस मोटारी बसवलेला सांगाडा पायांना बांधतो, कुबड्या टेकून उभा राहतो आणि पाऊल टाकतो, हे दृश्य सामान्य नाही. आपल्यातील काही मित्र या यंत्राला ‘श्रीमंतांचे खेळणे’ म्हणून हिणवतात. मला ते मान्य नाही. ‘रीवॉक’ हा सांगाडा रचणारे इस्रायली अभियंते अमित गोफर १९९७ च्या अपघातात हातापायांनी पंगू झाले. हातांत कुबड्या पेलण्याचे बळ नसल्याने स्वतःची निर्मिती त्यांना वापरता आली नाही. अशा श्रमाला खेळणे म्हणणे हा कृतघ्नपणा आहे.

भांडण आहे ते मालकीचे. २०२४ साली अमेरिकेत काय घडले ते पाहा. शर्यतीत घोड्यावरून पडून अधू झालेल्या एका स्वाराने सुमारे एक लाख डॉलर मोजून हाच सांगाडा घेतला होता. यंत्र चालविणाऱ्या मनगटी घड्याळाच्या बॅटरीची तार निखळली. बिघाड किरकोळ! कंपनीने उत्तर दिले : यंत्र पाच वर्षांहून जुने आहे, दुरुस्ती होणार नाही. बोभाटा झाल्यावर मात्र ती झाली.

विक्रीबरोबर वस्तूवरील हक्कही ग्राहकाकडे जातो, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. येथे वस्तू विकली गेली. सुटे भाग, आराखडे आणि आज्ञावली विक्रेत्याच्या तिजोरीतच राहिली. गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नाही. हे एकरकमी वसूल केलेले भाडेच झाले. त्याच वर्षी तेथील ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेने अशा एका यंत्रासाठी सुमारे ९१ हजार डॉलर देण्याचे मान्य केले. सार्वजनिक पैसा आला हे उत्तमच. पण आराखडे खाजगीच राहिले. स्पर्धेने किंमत उतरेल म्हणणाऱ्यांनी या बाजारात गिऱ्हाइके किती आणि कंपन्या किती ते आधी मोजावे.

आपल्याकडे अशा इजा मुख्यतः उंचावरून पडून आणि रस्त्यावरील अपघातांत होतात. परांचीवरून कोसळलेल्या गवंड्याला आधी शय्याव्रण टाळणारी गादी हवी, लघवीच्या स्वच्छ नळ्या हव्यात, चाकांची खुर्ची हवी आणि ती आत जाईल एवढे दार हवे. हे सोडून त्याच्या नावाने सांगाड्यांचे उद्घाटन सोहळे करणे ही त्याची थट्टा आहे. पण त्याला चालण्याची इच्छा नसावी, असे ठरविणारे आपण कोण?

मद्रासच्या आयआयटीने रचलेली, बसलेल्याला उभे करणारी खुर्ची २०१९ साली सुमारे १५ हजार रुपयांत खाजगी कारखान्याकडून तयार होऊन बाजारात आली. संशोधन सार्वजनिक संस्थेचे असले की हे जमते.

तेव्हा जेथे सरकारी पैशातून असा सांगाडा खरेदी होईल, तेथे करारातच अट हवी : सुटे भाग आणि दुरुस्तीचे आराखडे रुग्णालयाच्या हाती द्यावेत, कंपनी बुडाली किंवा तिने ते यंत्र बंद केले तर आज्ञावलीही द्यावी. कामगार आघाडीच्या मित्रांनी जिल्हा रुग्णालयांपुढे ही मागणी मांडावी. बांधकामाच्या उपकरातून मजुरांच्या कल्याणकारी मंडळाकडे जमणाऱ्या पैशात गादी, नळ्या आणि खुर्ची यांचा हिस्सा किती, हेही त्याच निवेदनात विचारावे.