नाक दाबलं की तोंड उघडतं

काय मंडळी, काल रात्री झोप कशी झाली? म्हणजे सलग, शांत आणि मुख्य म्हणजे तोंड मिटून? ज्यांचं उत्तर 'मस्त' आहे त्यांनी बिनधास्त पान उलटावं. आजचा कॉलम तुमच्यासाठी नाही. बाकीच्यांनी थांबा, रुमाल जवळ घ्या आणि वाचा.

सीन असा. रात्रीचे अडीच. जुळे सोलापुरात सगळं सामसूम. विजापूर रोडवरून मधूनच एखादा ट्रक जातो, त्याच्यामागे गल्लीतली कुत्री आपलं कर्तव्य बजावतात. आणि मी पलंगावर उठून बसलोय. तोंड उघडं, घसा सुकून लाकूड झालेला, कपाळात ठणका आणि हात उशीखाली. तिथे ड्रॉप्सची बाटली असते. दोन थेंब डावीकडे, दोन उजवीकडे, पाच मिनिटं थांबायचं आणि मग अहाहा! सगळे दरवाजे खुले. पहाटे पाचला पुन्हा तोच शो.

हा शो चौदा महिने हाऊसफुल चालला. एक बाटली उशीखाली, एक ऑफिसच्या बॅगेत, एक गाडीच्या डिकीत. मोबाइल घरी विसरलो तर चालायचं, बाटली विसरलो तर अर्ध्या रस्त्यातून यू-टर्न. बायको सुरुवातीला काळजीने उठायची, मग नुसती कूस बदलायची, मग एक दिवस उशी उचलून पलीकडच्या खोलीत गेली. 'तुझ्या घोरण्याने नाही रे, त्या नाक ओढण्याच्या आवाजाने मला वेड लागेल,' असं तिचं म्हणणं. लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच उत्तर द्यायचो, 'मला सायनस आहे.' आता या वाक्याची गंमत बघा. सायनस सगळ्यांनाच असतात. कवटीतल्या हवेच्या पोकळ्या त्या, चार जोड्या. 'मला सायनस आहे' म्हणणं म्हणजे 'मला गुडघा आहे' म्हणण्यासारखंच. बिघडतं ते त्यांचं ड्रेनेज. नाकाच्या आतलं अस्तर सुजलं की या पोकळ्यांची बारीक तोंडं बंद होतात, चिकट द्रव आत अडकतो आणि डोकं दगडासारखं जड होतं. तसंच ते 'नाकाचं हाड वाढलंय' प्रकरण. आपल्याकडे दर तिसऱ्या घरात कुणाचं तरी हाड वाढलेलं असतं! बहुतेक वेळा मधला पडदा थोडा वाकडा असतो, नाहीतर आतल्या बाजूच्या गाद्या सुजलेल्या असतात. हाड बिचारं जिथल्या तिथे असतं.

मग हे सगळं रात्रीच का? दिवसा ऑफिसात ठीक चालतं, गादीला पाठ टेकली की नाक संपावर. कारण साधं आहे. उभं असताना डोक्यातलं रक्त खाली उतरायला गुरुत्वाकर्षणाची मदत असते. आडवं झालं की ती जाते आणि नाकातल्या त्या गाद्यांमधल्या रक्तवाहिन्या भरून फुगतात. त्यात शरीराचं स्वतःचं सूज-विरोधी हॉर्मोन, कॉर्टिसॉल, रात्री तळाला गेलेलं असतं. कुशीवर झोपलं की खालच्या बाजूची नाकपुडी बंद होते, वरची उघडते. म्हणून मी रात्रभर तव्यावरच्या भाकरीसारखा या कुशीवरून त्या कुशीवर.

आणखी एक भानगड म्हणजे दोन्ही नाकपुड्या एका वेळी सारख्या कधीच चालत नाहीत. दर काही तासांनी ड्यूटी बदलते, एक मोकळी तर दुसरी थोडी आवळलेली. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये हे लिहून ठेवलं आणि आपल्या योगवाल्यांनी चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणून हे फार आधीच ओळखलं होतं. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. सुजलेल्या नाकाला मात्र लागतो, कारण आवळलेली बाजू तेव्हा पूर्णच बंद होते. जुळे सोलापुरात राहून जुळ्या नाकपुड्यांचं पटत नाही, काय बोलायचं!

आता आपल्या एरियाचं थोडं कौतुक. २०२० मध्ये वर्क फ्रॉम होममुळे हिंजवडीतून बिऱ्हाड उचललं आणि आई-अण्णांकडे आलो. मोकळे प्लॉट, ऐसपैस रस्ते, पुण्याच्या मानाने ट्रॅफिक शून्य. मी खूश, नाक नाराज. कारण मोकळा प्लॉट म्हटलं की त्यात काँग्रेस गवत आलंच. पन्नासच्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदवलं गेलेलं हे परदेशी तण, त्याचे परागकण ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध. शेजारी कुणाचं तरी बांधकाम, म्हणजे सिमेंट आणि वाळू. आणि उरलेली जागा भरून काढायला आपली जगप्रसिद्ध सोलापुरी धूळ! २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपल्या शहराचं नाव आहे, आणि ते अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

उपाय केले नाहीत असं समजू नका. आईने ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून दिली, कपाळावर सुंठेचा लेप झाला. शेजारच्या अक्का तेलुगू, त्यांचा अमृतांजनवर अढळ विश्वास. (अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालं, पण सुरू करणारे काशीनाथुनी नागेश्वरराव तेलुगू गृहस्थ. त्यामुळे अक्कांचा विश्वास घरचाच म्हणायचा.) बाम लावला की नाक उघडल्यासारखं वाटतं खरं, पण ते वाटणंच असतं. त्यातला मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतो आणि मेंदूला वाटतं हवा आली. सूज होती तेवढीच राहते. तरी रात्री अडीचला खोटा दिलासाही दिलासाच असतो, मी बामच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. वाफेचंही तसंच. घेताना छान वाटतं. पण २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी जुन्या सायनसवाल्यांवर घेतलेल्या चाचणीत मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना थोडाफार फायदा झाला, वाफ घेणाऱ्यांच्या डोकेदुखीपलीकडे फारसं काही हललं नाही. आणि घरात लहान मूल असेल तर उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर घेऊन बसणं हा धोका आहे, हे वेगळंच.

या सगळ्यात ड्रॉप्स मात्र चालूच. मला कुणी थांबवलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही. थांबवलं ते हायवेने.

अण्णांना डोळे तपासायला पुण्याला नेलं होतं. येताना दुपारी टेंभुर्णीच्या पुढे रस्ता सरळसोट, एसी चालू, रेडिओवर काहीतरी मंद. मला आठवतं ते एवढंच की अण्णांचा हात जोरात स्टिअरिंगवर आला आणि ते ओरडले, 'अरे गाडी!' डिव्हायडर हातभर अंतरावर होता. मी झोपलो नव्हतो, असं मी नंतर तीनदा सांगितलं. मी झोपलो होतो.

मोहोळच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी घेतली. अण्णा म्हणाले, 'चावी दे, मी चालवतो.' पण त्यांच्या डोळ्यांत डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलेलं, त्यांना उन्हात समोरचा बोर्डही दिसेना. झालं! एकाला दिसत नाही, दुसऱ्याला जागं राहता येत नाही. दोन तास आम्ही त्या खाटेवर बसून होतो. तिसऱ्या चहाला अण्णा म्हणाले, 'माझ्या डोळ्यात ड्रॉप्स, तुझ्या नाकात ड्रॉप्स. माझे संध्याकाळपर्यंत उतरतील. तुझे कधी उतरणार?' रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. सोलापूर येईपर्यंत मग कुणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरकडे. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'ड्रॉप्स किती दिवस?' मी म्हटलं, 'दिवस नाही, महिने.' त्यांनी पेन खाली ठेवलं.

प्रकार असा आहे की झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून नाक पाच मिनिटांत उघडतं. पण हे तीन, फार तर पाच दिवसांचं औषध. त्यापुढे गेलं की असर उतरताना त्या वाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. नाक बंद म्हणून थेंब, आणि थेंबांमुळे नाक बंद. मूळची ॲलर्जी केव्हाच बाजूला पडली होती, चौदा महिने मी बाटलीचाच आजार बाटलीने बरा करत होतो. बाटलीवर बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं. चौदा महिन्यांत मी ते एकदाही वाचलं नव्हतं, आणि नोकरीत मी लोकांची सॉफ्टवेअर डॉक्युमेंट्स तपासतो!

सुटका कशी? डॉक्टरांनी स्टिरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे दिला. 'स्टिरॉइड' ऐकून आई हबकली, पण याचा डोस अगदी छोटा आणि काम नाकातल्या नाकात. फक्त तो थेंबांसारखा पाच मिनिटांत चमत्कार करत नाही. रोज न चुकता मारायचा आणि काही दिवस, कधी दोन आठवडे वाट बघायची. दोन दिवस मारून 'काही उपयोग नाही' म्हणून फेकणारे मला आता ढीगभर भेटतात. मारायचीही पद्धत आहे. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, रोख डोळ्याच्या बाहेरच्या कडेकडे. मधल्या पडद्यावर मारलात तर रक्त येतं. आणि थेंब एकदम नाही, एका नाकपुडीचे आधी बंद करायचे. उजवी सुटली की मग डावी. म्हणजे एक बाजू तरी रात्रभर चालू राहते.

पहिल्या चार रात्री भयंकर गेल्या, खोटं कशाला बोलू. डोक्याकडच्या पायांखाली विटा देऊन पलंग उंच केला. (दोन उशा घेतल्या तर मानच मुडपते, त्यापेक्षा विटा बऱ्या.) बंद बाजू वर येईल असं कुशीवर झोपायचं. तिसऱ्या रात्री मी बाटली शोधत स्वयंपाकघरापर्यंत गेलो होतो. बायकोने ती कुठे लपवली होती ते तिने अजून सांगितलेलं नाही.

जोडीला नाक धुणं. सूत्रनेती हठयोगप्रदीपिकेत आहे, आणि नळीच्या भांड्यातली जलनेती आता योगाच्या कुठल्याही शिबिरात शिकवतात. एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड चमचा. पण इथे एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका, विशेषतः आपण सोलापूरकर. आपण वर्षानुवर्षं काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर वाढलेली माणसं, टाकीत आणि पिंपात साठवणं आपल्या हाडात आहे. ते पाणी थेट नाकात नाही! नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर माणूस क्वचितच वाचतो. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानात नळाचं पाणी नेतीला वापरणारी दोन माणसं अशीच गेली. तेव्हा पाणी पाच मिनिटं खळखळून उकळा, कोमट होऊ द्या, मगच भांडं हातात घ्या.

आणि मूळची ॲलर्जी? तिचा उगम डॉक्टरांच्या एका प्रश्नात सापडला, 'कूलर कधी साफ केला होता?' मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. पॅड काढले तर मागे काळी बुरशी आणि एक मेलेली पाल. दोन उन्हाळे ती हवा आम्ही छातीभर घेतली होती! पॅड बदलले, टाकी घासली, आता दर रविवारी पाणी बदलतो. चादरी गरम पाण्यात धुवून गच्चीवरच्या उन्हात. धुळीतल्या किड्यांना कोरडं ऊन सोसत नाही, आणि कोरड्या उन्हाची सोलापुरात काय टंचाई?

एक सूचना मात्र सीरियसली घ्या. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, जोराचा ताप, सहन न होणारी डोकेदुखी किंवा एकाच नाकपुडीतून सारखं रक्त, यातलं काही असेल तर हा कॉलम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. शुगर असेल तर अजिबात थांबू नका, २०२१ मधला म्युकरमायकोसिस महाराष्ट्र इतक्यात विसरलेला नाही. आणि नाक मोकळं असूनही कुणी घोरता घोरता श्वास थांबवत असेल, दिवसा पेंगत असेल, तर ते प्रकरण नाकाचं नसून स्लीप ॲप्नियाचं असू शकतं. त्याची वेगळी तपासणी असते.

मला थेंब सोडून आता आठ महिने झाले. वास परत आला, हे बोनस. एका सकाळी आई शेंगा चटणी कुटत होती, आणि मला दुसऱ्या खोलीत लसणाचा वास आला तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. 'काय रे?' आई म्हणाली. 'काही नाही,' म्हटलं. पलीकडच्या खोलीतली उशीही परत आली. तिच्या मालकिणीची आता नवी तक्रार आहे, की मी कूलरजवळची जागा सोडत नाही.

गेल्या महिन्यात अण्णांना पुन्हा पुण्याला न्यायचं होतं. गाडीची चावी मी उचलली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, 'झोप झाली का?' मी हो म्हटलं. तरी टेंभुर्णीपासून मोहोळपर्यंत त्यांचा हात गिअरजवळच होता.

परवा रात्री मात्र पुन्हा अडीचला जाग आली. हात सवयीने उशीखाली गेला. बायको अंधारात म्हणाली, 'झोप, लाइट गेलीय.'