खालचं नावही वाचा

फेब्रुवारी आला की अमेरिकेत 'ब्लॅक हिस्टरी मंथ' सुरू होतो आणि तुमच्या फीडमध्ये जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनचा फोटो हमखास येतो. त्याच्या बँडची ओळख ठरलेली धून म्हणजे 'टेक द ए ट्रेन'. ती मात्र ड्यूकची नाही, बिली स्ट्रेहॉर्नची आहे.

१९३८ मध्ये पिट्सबर्गला हा २३ वर्षांचा पोरगा ड्यूकला भेटला आणि १९६७ मध्ये कॅन्सरने जाईपर्यंत त्याच्यासाठी लिहीत राहिला. तो गे होता आणि त्याने ते कधी लपवलं नाही. चाळीसच्या दशकातली अमेरिका, त्यात माणूस कृष्णवर्णीय, हिंमत बघा! ड्यूकच्या सावलीत हे मोकळेपण जपता आलं, पण त्याच सावलीत त्याचं नाव झाकलं गेलं. कित्येक रचनांचं श्रेय त्याला उशिरा मिळालं. ड्यूक काही व्हिलन नव्हता, त्याचा बिलीवर खरोखर जीव होता. म्हणून तर हे जास्त टोचतं.

१९६३च्या दौऱ्यात हा बँड भारतातही वाजवून गेला. त्या प्रवासातून पुढे 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' आलं, आपल्या मैनेवरचं. आज रात्री हेडफोन लावून ऐका. आणि हो, क्रेडिट्स उघडून बघा.