आधी सांगा, सगळं धरून किती?

कर्नाटकातल्या गाणगापूरला दत्तदर्शनासाठी पौर्णिमेच्या आदल्या रात्री उतरणाऱ्यांत सोलापूर, लातूर, उमरगा, पुणे इकडची कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. रेल्वेने येणारे गाणगापूर रोड स्टेशनावर उतरतात आणि तिथून वीसेक किलोमीटरवरचं गाव गाठतात. बरोबर म्हातारी माणसं, झोपेला आलेली मुलं, सामान आणि मोबाईलवर भाडं बघून ठरवलेली खोली. काउंटरवर आल्यावर मग कळतं की ते भाडं दोघांपुरतंच होतं. जादा गादीचे पैसे वेगळे, गरम पाण्याचे वेगळे, गाडी आत लावायची तर त्याचेही वेगळे, वर कर. रात्री अकरा वाजता दुसरं दार ठोठावण्याचं त्राण कुणात नसतं. माणूस पैसे देतो, पण त्याला संमती म्हणणं चूक आहे. भाडं कितीही असो, ते पूर्ण आकड्यात आणि ॲडव्हान्स घेण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

यावर पहिलं उत्तर मिळतं ते गर्दीचं. दत्तजयंतीला आणि पौर्णिमेला गाव भरून वाहतं, वर्षाची कमाई त्या मोजक्या दिवसांत होते, मग दर चढणारच. हे मला पूर्ण मान्य आहे. चढ्या दराबद्दल माझी तक्रारच नाही. 1500 रुपये सांगून 1500 घेणारा लॉजमालक आपला धंदा करतो. 900 सांगून 1500 घेणारा मात्र गिऱ्हाइकाच्या हातातली निवड काढून घेतो. खरा आकडा आधी कळला असता तर ते कुटुंब कलबुर्गीत मुक्काम करून पहाटे निघालं असतं, एखाद्या भक्तनिवासात विचारून पाहिलं असतं किंवा अक्कलकोटला थांबलं असतं. शिवाय नुकसान फक्त यात्रेकरूचं होत नाही. शेजारच्या ज्या मालकाने पहिल्यापासून 1500 लिहिले, त्याची खोली मोबाईलच्या यादीत महाग दिसते आणि रिकामी राहते. लपवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, सांगणाऱ्याला मिळत नाही. असं दोन-चार हंगाम चाललं की सरळ माणूसही तेच शिकतो. या प्रथेचं सर्वांत मोठं पाप मला हे वाटतं.

दुसरं उत्तर असतं, ‘बोर्डावर सगळं लिहिलंय.’ लिहिलेलं असेलही, पण ते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. औसा-निलंग्याकडून आलेल्या आजीला ते वाचता येत नाही. यात भाषेचं भांडण मुळीच नाही. पंढरपूर-तुळजापूरला येणाऱ्या कन्नड भाविकांची आपल्या मराठी बोर्डांपुढे हीच गत होते, आणि तिथे दोषी आपण असतो. भालकी, औराद, बसवकल्याण या पट्ट्यात तर दुकानदार एका दमात दोन्ही भाषांत व्यवहार करतो. तिथे दरपत्रक दोन भाषांत लावणं अवघड नाही. आणि बोर्ड लागतो काउंटरवर, म्हणजे माणूस पोहोचल्यानंतर. पैसे आधी भरून झालेले असतात.

तिसरं उत्तर सर्वांत जास्त चालतं, कारण त्यात सरकारचं नाव येतं: ‘तो टॅक्स आहे, आमच्या हातात नाही.’ इथे वाचकाने स्वतः हिशेब करावा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे. आधी तो 12 टक्के होता. म्हणजे 1200 रुपयांच्या खोलीवर कर होतो 60 रुपये. पडद्यावर ‘टॅक्स आणि फी’ म्हणून 260 दिसत असतील, तर उरलेले 200 रुपये सरकारने खोलीवर लावलेले नाहीत. ते शुल्क बुकिंग कंपनीचं आहे. कर आणि फी एकाच ओळीत बांधण्याचं कारणच हे की कराशी कुणी वाद घालत नाही. थेट लॉजवर खोली घेताना बिलावर जीएसटी क्रमांक आहे का ते बघा. नोंदणी नसलेल्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. धार्मिक स्थळाच्या आवारातल्या, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या 1000 रुपयांखालच्या खोल्यांना तर करातून सूट आहे.

‘बुकिंग कंपन्या कमिशन कापतात, ते आम्ही कुठून काढायचं?’ हा प्रश्न खरा आहे आणि लहान लॉजमालकाची ओढाताण मला कळते. पण त्याला उपाय उघड भाव वाढवण्याचा आहे.

आणखी एक उत्तर भाविकांकडूनच येतं, ‘देवाच्या दारी हिशेब कसला करायचा?’ देवापुढे ठेवायची दक्षिणा आणि खोलीचं भाडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिदरच्या नानक झिरा गुरुद्वारात लंगरचं जेवण कुणालाही फुकट मिळतं आणि तिथे आत एक, बाहेर एक असं काही नसतं. याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, बाराव्या शतकातल्या कल्याणात, बसवेश्वर राजाच्या खजिन्याचा कारभार पाहत होते. त्यांच्या अनुयायांनी, शरणांनी, कष्टाच्या प्रामाणिक कमाईला, कायकाला, पूजेचं मोल दिलं. या भूमीत चोख हिशेब मागणं भक्तीच्या आड येत नाही.

गाणगापुरात एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावं लागतं: खोली सोडण्याची वेळ. तिथला दिवस पहाटे भीमा-अमरजा संगमावरच्या स्नानाने सुरू होतो, मग निर्गुण पादुकांचं दर्शन, आणि दुपारी माधुकरी. दत्तमहाराज मध्यान्ही भिक्षेला येतात या श्रद्धेने माणसं त्या वेळी झोळी घेऊन गावात फिरत असतात. लॉजचा दिवस दुपारी बाराला संपत असेल, तर रात्री अकराला आलेल्या माणसाला तेरा तासांत खोली सोडावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवसाचं भाडं. काही ठिकाणी आल्यापासून चोवीस तास मोजतात. या एका फरकाने बिल दुप्पट होऊ शकतं. गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण करायला आलेल्यांना तर गादी-पाण्याची रोजची बारीक रक्कमसुद्धा सातपट भरावी लागते.

कायदा या बाबतीत ग्राहकाच्या बाजूचा आहे. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांनुसार सर्व शुल्कं धरून एकूण किंमत एका आकड्यात आणि तपशिलासह दाखवावी लागते. आधीच टिक केलेले चौकोन चालत नाहीत. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणं आणि न विचारता यादीत विमा किंवा देणगी घुसडणं हे त्यातले दोन. अमेरिकेतही 12 मे 2025 पासून हॉटेलांना सक्तीची शुल्कं धरूनच भाडं दाखवावं लागतं. आपल्याकडे बिलात आपोआप सेवाशुल्क जोडण्याला 2022 पासून मनाई आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ती मनाई उचलून धरली.

तेव्हा पैसे भरण्याआधी लॉजवर फोन करा. किती माणसं, किती गाद्या, गरम पाणी, गाडी, कर, खोली सोडण्याची वेळ हे सांगून-विचारून घ्या आणि ‘सगळं धरून किती?’ हा आकडा व्हॉट्सॲपवर लिहून मागा. आकडा लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे खोली घेऊ नका. निघताना पावती घ्या. पावती नाकारणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरीही जास्त पैसे घेतले, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. ग्राहक आयोगात जायचं तर त्यासाठी कलबुर्गीला खेटे घालावे लागत नाहीत. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.