वारा फुकट, वीज मात्र मक्तेदारांची

बाजारवादाचे भाट सांगतात की स्पर्धा आली की वीज स्वस्त होते. पुरावा म्हणून ते फेब्रुवारी २०१७ च्या लिलावाकडे बोट दाखवतात. तेव्हा पवनविजेचा दर युनिटला ३.४६ रुपयांवर उतरला. दर उतरला हे खरे. पण लाभ कोणाच्या पदरात पडला?

पवनचक्कीला इंधन लागत नाही. तिचा बहुतेक खर्च उभारणीच्या भांडवलाचा आणि त्यावरील व्याजाचा. तरीही वीज-विनिमय बाजारात स्वीकृत झालेल्या सर्वांत महाग बोलीचाच भाव सर्व विक्रेत्यांना मिळतो. मार्च २०२२ मध्ये हा भाव २० रुपयांना भिडला, तेव्हा नियामक आयोगाला १२ रुपयांची मर्यादा घालावी लागली. हीच का स्पर्धेची किमया?

चंडीगढकडे पाहा. नफ्यात चालणारे सरकारी वीजखाते, कामगारांच्या फेब्रुवारी २०२२ च्या संपाला न जुमानता, ८७१ कोटींच्या बोलीवर विकले गेले आणि १ फेब्रुवारी २०२५ रोजी संजीव गोएंका समूहाच्या कंपनीच्या ताब्यात गेले. उद्या तेथे स्वस्त पवनवीज आली, तरी तिच्यावर खाजगी नफ्याचा हप्ता चढणारच.

आमचा विरोध वाऱ्याला नाही, त्यावर बसलेल्या मालकीला आहे. पवनवीज सार्वजनिक भांडवलातून उभारा आणि वितरण जनतेच्या हाती परत द्या!