परिचारिकांच्या अर्जातील हरवलेला ‘मी’

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजेच ‘एनएचएस’मध्ये, परिचारिकेच्या पदासाठी अर्ज करताना शिक्षण, अनुभव आणि नोंदणीचा तपशील भरून झाला की उमेदवारासमोर एक मोठी रिकामी चौकट येते. आपण या पदासाठी योग्य का आहोत, हे स्वतःच्या शब्दांत सांगा, एवढीच त्या चौकटीची मागणी असते. मुंबई-पुण्याच्या अतिदक्षता विभागांत वर्षानुवर्षे रात्रपाळ्या काढलेल्या, डॉक्टर पोहोचण्याआधीच रुग्णाचा धोका ओळखणाऱ्या परिचारिकांचा हात नेमका येथे अडखळतो. मग एखाद्या मैत्रिणीचा निवड झालेला अर्ज मागवला जातो, एजंटाकडून तयार मजकूर घेतला जातो किंवा अलीकडे तो एआयकडून लिहवून घेतला जातो. ‘लहानपणापासून मला मानवतेची सेवा करण्याची ओढ होती’ या वाक्याने सुरू होणारे अर्ज त्यातूनच जन्माला येतात. ते वाक्य खोटे असतेच असे नाही. मात्र त्यातून त्या परिचारिकेविषयी काहीच कळत नाही, आणि हीच खरी अडचण आहे.

भरतीचा काळ पालटला

गेल्या काही वर्षांत या रिकाम्या चौकटीचे महत्त्व वाढले आहे. २०१९च्या निवडणुकीत ब्रिटनमधील तत्कालीन सत्ताधाऱ्यांनी ५० हजार वाढीव परिचारिकांचे आश्वासन दिले होते. ते पूर्ण करण्यासाठी परदेशातून मोठ्या प्रमाणावर भरती झाली आणि भारत हा त्या भरतीचा एक प्रमुख स्रोत ठरला. जुलै २०२२मध्ये उभय देशांनी आरोग्य क्षेत्रातील मनुष्यबळाबाबत करारही केला. त्या काळात पदे अनेक आणि उमेदवार हवेच होते. त्यामुळे एजन्सीमार्फत गटाने होणाऱ्या निवडीत वैयक्तिक निवेदन हा बऱ्याचदा उपचाराचा भाग राहिला.

आता ते दिवस सरले आहेत. तेथील ‘नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल’च्या आकडेवारीनुसार, परदेशात शिकून तेथे नव्याने नोंदणी करणाऱ्यांची संख्या २०२४-२५मध्ये आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटली. जुलै २०२५मध्ये जाहीर झालेल्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात परदेशी भरतीचे प्रमाण २०३५पर्यंत १० टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ब्रिटनमध्येच शिकलेल्या नव्या परिचारिकांना नोकऱ्या मिळत नसल्याची ओरड झाल्यावर ऑगस्ट २०२५मध्ये सरकारला त्यांच्यासाठी स्वतंत्र हमी योजना जाहीर करावी लागली. जागा कमी आणि अर्ज अधिक, अशा स्थितीत प्राथमिक छाननीतच बहुतेकांचा निकाल लागतो. या छाननीच्या वेळी उमेदवाराचे नाव व वैयक्तिक तपशील निवड करणाऱ्यांपासून झाकलेले असतात. त्यांच्यासमोर उरतो तो अनुभवाचा तक्ता आणि हे निवेदन. उमेदवाराचा आवाज म्हणता येईल असे त्या अर्जात दुसरे काही नसते.

मूल्यांचा आग्रह का?

निवेदनात दयाभाव, सन्मान, संवाद, धैर्य अशा शब्दांची अपेक्षा का असते, हे समजून घेण्यासाठी मागे जावे लागते. इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. तहानलेल्यांना पाणी मिळाले नाही, वृद्ध रुग्ण अस्वच्छ अंथरुणात पडून राहिले. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी अहवालाने फेब्रुवारी २०१३मध्ये २९० शिफारशी केल्या. पदव्या, नोंदणी आणि कागदपत्रे असलेली व्यवस्थाही किती निष्ठुर होऊ शकते, हे त्यातून उघड झाले. त्याआधी दोनच महिने, डिसेंबर २०१२मध्ये, इंग्लंडच्या नर्सिंग नेतृत्वाने शुश्रूषा, करुणा, सक्षमता, संवाद, धैर्य आणि बांधिलकी ही सहा मूल्ये पुढे मांडली होती. उमेदवाराकडे काय प्रमाणपत्र आहे याबरोबरच तो रुग्णाशी कसा वागतो, हे भरतीत तपासण्याचा आग्रह त्यानंतर अधिकच दृढ झाला.

येथेच अनेक अर्जदारांचा गैरसमज होतो. मूल्ये तपासायची आहेत म्हटल्यावर त्यांची नावे निवेदनात ओवली जातात. ‘मी दयाळू, मेहनती आणि संघभावनेने काम करणारी आहे’ असे लिहिले की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात जाहिरातीसोबत पदासाठीच्या आवश्यक आणि इष्ट निकषांची यादी दिलेली असते आणि छाननी करणारे त्या यादीतील एकेका निकषाचा पुरावा शोधत असतात. विशेषणाला गुण मिळत नाहीत. घडलेल्या प्रसंगाला मिळतात.

एका रात्रपाळीचा हिशेब

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. तीस खाटांचा शस्त्रक्रिया विभाग, रात्रीचे दोन वाजलेले. पोटाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेला एक रुग्ण अस्वस्थ आहे. नातेवाईक म्हणतात, ‘झोप लागत नाही, बाकी काही नाही.’ परिचारिका नाडी पाहते, ती १२४ आहे. श्वास मिनिटाला २८, रक्तदाब १००/६०, ताप १०१.५. ती निवासी डॉक्टरांना फोन करते. ते दुसऱ्या विभागात अडकलेले असतात, ‘पॅरासिटामॉल द्या, येतो’ म्हणतात. ती औषध देते, पण पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन करते, आकडे वाचून दाखवते आणि ‘आत्ताच यावे लागेल’ असे सांगते. जंतुसंसर्ग शरीरभर पसरत असल्याचे निदान वेळेत होते.

असे प्रसंग सरकारी आणि खासगी रुग्णालयांत नित्याचे आहेत. परिचारिका त्याविषयी घरीही बोलत नाही, कारण तिच्या मते ती ‘ड्युटी’ होती. अर्जात त्याचे रूपांतर ‘मला गंभीर रुग्ण हाताळण्याचा अनुभव आहे’ अशा एका निर्जीव वाक्यात होते. ब्रिटनमध्ये रुग्णाची ढासळती प्रकृती ओळखण्यासाठी ‘न्यूज-टू’ ही गुणांकन पद्धत वापरली जाते. वरील चार नोंदी त्या पद्धतीत मांडल्या तर गुण आठ होतात, आणि सात किंवा त्याहून अधिक गुण ही तातडीची वैद्यकीय स्थिती मानली जाते. म्हणजे हाताशी कोणताही तक्ता नसताना त्या परिचारिकेने जे केले, तेच तेथील व्यवस्थेला अपेक्षित असते. उणीव कौशल्यात नसून ते सांगण्यात आहे.

सांगण्याची रीत अवघड नाही. प्रसंग काय होता, त्यात आपली जबाबदारी कोणती, आपण नेमके काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, या क्रमाने आठ-दहा ओळी पुरतात. पहिला फोन, मिळालेले उत्तर, मधली पंधरा मिनिटे आणि दुसरा फोन हे सारे त्यात यावे, कारण दुसरा फोन हेच तिचे धैर्य आहे. रुग्णाचे नाव किंवा त्याची ओळख पटेल असा तपशील मात्र कटाक्षाने टाळावा. गोपनीयता हा तेथील आचारसंहितेचा भाग असून तिचा भंग निवेदनातच झाला, तर उरलेला मजकूर कितीही चांगला असला तरी व्यर्थ ठरतो.

‘आम्ही’ची सवय

हे लिहिणे जड का जाते, याचे उत्तर आपल्या रुग्णालयांच्या रचनेत आहे. येथे परिचारिकेने ‘मी ठरवले’ असे म्हणायचे नसते. ‘सरांनी सांगितले’, ‘आम्ही दिले’, ‘करण्यात आले’ हीच तिची भाषा. अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका अशा उतरंडीत आणि त्यावर डॉक्टरांच्या आदेशात तिची स्वतःची निर्णयशक्ती रोज वापरली जाते, परंतु कोठेही नोंदवली जात नाही. अहवालाच्या वहीत रुग्णाचे सारे काही असते; ते पाहणारी व्यक्ती मात्र कर्मणी प्रयोगात लुप्त झालेली असते. अशा दहा वर्षांनंतर कोणी एकाएकी ‘तुम्ही काय केले?’ असे विचारले, तर शब्द न सुचणे स्वाभाविकच आहे.

भाषेचा अडसर दुय्यम आहे. नोंदणीसाठी ‘आयईएलटीएस’ परीक्षेत लेखनाला ६.५ आणि अन्य तिन्ही विभागांत ७ गुण मिळवणारी परिचारिका साधी इंग्रजी वाक्ये नक्कीच लिहू शकते. तिने आधी मराठीत, मैत्रिणीला सांगावा तसा प्रसंग लिहून काढला आणि मग तो इंग्रजीत नेला, तरी उसन्या मजकुरापेक्षा तो कितीतरी सरस ठरेल. शिवाय उसना मजकूर मुलाखतीत उघडा पडतो. निवेदनातील प्रसंगावर दोन उपप्रश्न आले की ज्याने तो जगला आहे आणि ज्याने तो उतरवला आहे, त्यांतील फरक लपत नाही.

सर्वांत कठीण भाग चुकीचा. आपल्याकडे औषधाची वेळ चुकली, तर आधी ‘मेमो’ची भीती वाटते, त्यामुळे चूक सांगणे म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणे, ही समजूत पक्की झालेली असते. इंग्लंडमध्ये २०१४पासून रुग्णाला झालेल्या हानीबद्दल त्याला प्रांजळपणे सांगणे हे संस्थांवर कायद्याने बंधनकारक आहे आणि परिचारिकांच्या आचारसंहितेतही तीच अपेक्षा आहे. म्हणून वेळीच लक्षात आलेली, वरिष्ठांना कळवलेली आणि ज्यातून कामाची पद्धत सुधारली अशी चूक निवेदनाला कमकुवत करत नाही. उलट विश्वासार्ह बनवते.

आपल्याकडचा प्रश्न

या साऱ्याकडे केवळ परदेशी जाणाऱ्यांची कटकट म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. ‘एम्स’साठी २०२०पासून होणारी सामायिक परीक्षा असो वा राज्यातील अधिपरिचारिका पदाची सरळसेवा भरती, दोन्हींचा आधार बहुपर्यायी प्रश्न हाच आहे. लाखो अर्जांच्या देशात त्यात निःपक्षपातीपणाची सोय आहे, हे मान्य करावेच लागेल. दीर्घ निवेदने तपासू लागलो तर वशिल्याला नवे दार उघडेल, ही भीतीही अनाठायी नाही. तरीही संपूर्ण सेवाकाळात एकदाही परिचारिकेला तिच्या कामाबद्दल तिच्याच शब्दांत विचारले जात नाही, ही उणीव राहतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने २०१६मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना किमान २० हजार रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली होती. वेतनाचा प्रश्न आकड्यात मांडता येतो. दखल न घेतली जाण्याचा प्रश्न आकड्यात मांडता येत नाही, पण विमानतळाच्या वाटेवर तोही सोबत असतो.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आठवड्यातून एकदा विद्यार्थिनीला ‘आज मी काय पाहिले, काय ठरवले आणि का’ एवढे एक पान लिहायला लावले, तर त्याला वेगळा निधी लागणार नाही. त्यातून परदेशातील अर्ज सुधारतील, हा झाला छोटा लाभ. रात्री दोन वाजता दुसरा फोन करणारी परिचारिका आपण केले ते योग्यच होते, हे ठामपणे सांगू शकेल, हा लाभ मात्र ती लंडनला गेली काय किंवा लातूरला राहिली काय, रुग्णालाच मिळणार आहे.