शेकरांचे डबे आणि आपण

अमेरिकेतल्या मेन राज्यात, सॅबथडे लेक येथे, शेकर या ख्रिस्ती पंथाची शेवटची वस्ती आहे. मदर अ‍ॅन ली १७७४ साली मूठभर अनुयायांसह इंग्लंडहून अमेरिकेत आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पंथात हजारो माणसे होती. २०१७ च्या जानेवारीत सिस्टर फ्रान्सेस कार वारल्या, तेव्हा तिथे दोघेच उरले.

"लग्नच करायचे नाही म्हटल्यावर दुसरे काय होणार?" असे बहुतेक जण म्हणतात. आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते. ब्रह्मचर्य पाळूनच तर हा पंथ वाढला! बाहेरून नवी माणसे येत. अनाथ मुलेही तिथे लहानाची मोठी होत आणि राहायचे की जायचे, हे मोठेपणी स्वतः ठरवीत. पुढे कारखान्यांचा स्वस्त माल आला, शहरात नोकऱ्या मिळू लागल्या, आणि राहणारे कमी झाले.

मुलांनो, शेकरांना यंत्रांचे वावडे नव्हते बरे का! १८५८ साली त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यांचा लंबगोल लाकडी डबा नीट पाहा. मेपलची पातळ पट्टी वाफवून वाकवायची. तिचे टोक निमुळत्या बोटांसारखे कापायचे, म्हणजे दमट हवेत लाकूड फुगले तरी जोड बिघडत नाही. खिळे तांब्याचे, कारण लोखंड गंजते. शोभेसाठी काहीच नाही, तरी डबा सुंदर!

आज असे जुने डबे संग्रहालयात काचेमागे आहेत आणि हौशी लोक त्यांना भरपूर पैसे मोजतात. पण ते केले होते रोजच्या वापरासाठी. सॅबथडे लेकला मात्र अजूनही मेंढ्या पाळतात, औषधी वनस्पती आणि चहा डब्यांत भरून विकतात. आमच्या मते खरा वारसा तो आहे.

पालकहो, आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गात मराठी काचेमागे छान राहील. पण ती वापरात राहायची तर सोमवारीही लागेल: मीठ मागताना, हिशेब करताना, भावंडांशी भांडताना. मोठेपणी ती ठेवायची की सोडायची, हे आपली मुलेच ठरवणार. तिथे सक्ती चालणार नाही. तोवर घरात ती कामाची वस्तू असावी, एवढे आपल्या हाती आहे. निदान रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करू या.